चेन्नईतल्या बकिंगहॅम कॅनॉलचा इतिहास जागेवर जाऊन कसा बघायचा

चेन्नईला गेलं की मरीना, महाबलीपुरम, मैलापूरचं देऊळ एवढं सगळेच करतात, पण शहराच्या मधून जो काळ्या पाण्याचा नाला जातो तो एकेकाळी मालाच्या बोटींचा मुख्य रस्ता होता हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तोच बकिंगहॅम कॅनॉल. आंध्रातल्या पेद्दगंजामपासून तामिळनाडूतल्या मरक्काणमपर्यंत साधारण ४२० किमी, समुद्राला धरून, आणि वरती कृष्णा-गोदावरीच्या कालव्यांतून पार काकीनाड्यापर्यंत जोडलेला.

सुरुवात घरूनच करा. मोबाईलवर सॅटेलाईट व्ह्यू लावा आणि मरीनाच्या थोडं आत बघा, उत्तर-दक्षिण एक रेघ दिसेल. ओढा असता तर वळणं घेत गेला असता, ही रेघ बरीच सरळ आहे म्हणजे माणसाने खणलेली. आता तिचे तीन तुकडे करा, कारण हा कालवा एकदम झालेला नाही. उत्तरेला एन्नोरपर्यंतचा ११ मैलांचा भाग सगळ्यात जुना, बेसिल कॉक्रेन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०६ पर्यंत बांधला, टोल घ्यायचा हक्क त्याच्याकडे, सरकारने तो १८३७ मध्ये ताब्यात घेतला आणि मग टप्प्याटप्प्याने उत्तरेला पुलिकत सरोवराच्या पुढे नेला. दक्षिणेचा भाग अड्यार नदीच्या पलीकडे, ओएमआर (ओल्ड महाबलीपुरम रोड) आणि ईसीआर (ईस्ट कोस्ट रोड) या दोन रस्त्यांच्या मधून जातो. राहिला मधला, कूवम आणि अड्यार नद्यांना जोडणारा जेमतेम ८ किमीचा तुकडा, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथे आहे.

हा तुकडा १८७७-७८ चा, म्हणजे मोठ्या दुष्काळातला. दुष्काळी काम म्हणून तो उपाशी माणसांकडून खणून घेतला आणि नाव लागलं तेव्हाचे मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचं. त्यामुळे जुनी कागदपत्रं वाचताना फक्त लांबी-रुंदी आणि खर्च बघून पुढे जाऊ नका, मजुरी किती दिली ते शोधा. १८७७ च्या सुरुवातीला व्हाइसरॉयने दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर एखादा आणा असा दर सुचवला होता, दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला! मद्रासमध्ये त्यावर इतकी टीका झाली की काही महिन्यांत दर वाढवावा लागला. आपल्याकडेही तोच दुष्काळ, तोच दर, दख्खनमधल्या मजुरांनी कामं सोडून संप केले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. हे माहीत असलं की तो नाला बघताना नुसतं नाक दाबून पुढे जाववत नाही.

आता प्रत्यक्ष बघायला चेन्नई बीच स्टेशनवरून वेलाचेरीची एमआरटीएस लोकल (शहरातली पुलावरून जाणारी रेल्वे) पकडा. चेपॉकनंतर खिडकीतून खाली बघत राहा आणि तिरुमयिलैला उतरा. हा मार्ग १९९५ ला चेपॉकपर्यंत आणि १९९७ ला इथपर्यंत आला, आणि त्याचे खांब सरळ कालव्याच्या पात्रात उभे केलेत. खांबाच्या बुडाशी गाळ, प्लास्टिक, अडकलेली जलपर्णी. इथून परत बोट जाणं किती अवघड आहे ते कुणी सांगावं लागत नाही, २००८ मध्ये याला राष्ट्रीय जलमार्ग ४ मध्ये घेतलं तरी. काठावर लोकांची घरं आहेत, फोटो काढायच्या आधी विचारा. ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचा जोर असतो, तेव्हा टाळा.

कालवा नदीला जिथे भेटतो तिथे जरा जास्त थांबा. पाणी खारं, भरती-ओहोटीचं, त्यात नदीला पूर आला की गाळ आत शिरणार, म्हणून अशा ठिकाणी लॉक, म्हणजे पाणी अडवून बोटी आत-बाहेर सोडणारे दरवाजे असायचे. काठाला जुनी दगडी भिंत आणि तिच्यात उभी खाच दिसली तर समजा तिथे दरवाजा बसायचा. बोटी शिडावर, बांबूने ढकलत नाहीतर काठावरून दोरीने ओढत न्यायचे. आत मीठ, तांदूळ, आणि श्रीहरीकोट्याचं सरपण, हो, जिथून आज रॉकेट उडतात तिथलंच लाकूड मद्रासच्या चुलीत जायचं.

रेल्वे आणि ट्रकनी धंदा खाल्लाच होता, त्यात १९६५ आणि १९६६ च्या चक्रीवादळांनी कालव्याची वाट लावली, मग शहराचं सांडपाणी. तरी २००४ च्या त्सुनामीत आंध्राच्या किनाऱ्यावर बरंचसं पाणी याच कालव्याने पोटात घेतलं.

वेळ एकच दिवस असेल तर एन्नोरची बाजू सोडा. सकाळी लोकल, दुपारी ईसीआरची बस पकडून मुत्तुकाडूची खाडी, तिथे पाणी मोकळं आणि रुंद आहे, बोटिंगही होतं. पूर्वी मद्रासहून लोक रात्रभर बोटीत झोपून याच पाण्याने महाबलीपुरमला जायचे.