क्रौंचांच्या पंधरा जाती: वंशवृक्ष कसा मांडावा, उपजाती कशा तपासाव्यात

एका यादीत सारसाचं शास्त्रीय नाव 'ग्रुस अँटिगोनी' असतं, तर दुसऱ्या यादीत 'अँटिगोनी अँटिगोनी'. वॉटल्ड क्रौंच कुठे ब्युजेरानसमध्ये असतो, कुठे ग्रुसमध्ये. क्रौंचकुळात (ग्रुइडी) जाती फक्त १५ आहेत, तरी नावांचा हा घोळ आहेच. त्यातून बाहेर पडायला पाठांतर उपयोगी नाही. प्रत्येक पायरीवर कोणता पुरावा बोलतोय आणि तो कुठपर्यंत बोलू शकतो हे पाहत पुढे जावं लागतं. ती पद्धत पुढे दिली आहे.

आधी कुळाची हद्द आखा

बगळे, ढोक आणि रोहित यांना यादीतून बाहेर काढा. लांब पाय आणि लांब मान पक्ष्यांमध्ये अनेकदा स्वतंत्रपणे आली आहे, त्यावरून नातं ठरत नाही. लिनियसने १७५८ मध्ये क्रौंचांना बगळ्यांच्या 'आर्डिया' प्रजातीत (जीनस) घातलं ते याच साम्यामुळे. क्रौंचांचा सर्वात जवळचा नातेवाईक अमेरिका खंडातला लिम्पकिन, त्यानंतर दक्षिण अमेरिकेतले ट्रम्पेटर. वंशवृक्ष काढताना तुलनेचा बाहेरचा गट म्हणून लिम्पकिनच घ्या. बगळा घेतला तर मुळाकडची फांदी अति लांब होते आणि आतल्या छोट्या फांद्या चुकीच्या जागी ओढल्या जातात.

उपकुळं दोन आहेत आणि ती ओळखायला डीएनए लागत नाही. तुरेवाले क्रौंच, म्हणजे बॅलेरिका प्रजातीतल्या दोन आफ्रिकी जाती, यांचा मागचा अंगठा लांब असतो, त्यामुळे ते झाडावर बसतात. त्यांची श्वासनलिकाही सरळ असते. उरलेल्या १३ जातींचा अंगठा आखूड असतो आणि त्या झाडावर बसत नाहीत. त्यांच्या श्वासनलिकेचा छातीच्या हाडाशी कमी-अधिक संबंध आलेला असतो. सायबेरियन क्रौंचात ती हाडाला जेमतेम टेकते. वॉटल्ड, ब्लू आणि कांड्या करकोचा या तिघांत ती थोडी आत शिरते. व्हूपिंग क्रेनसारख्या जातींत ती हाडाच्या आत वेटोळी घालून बसते, आणि त्यांचा दूरवर जाणारा आवाज त्यातूनच येतो.

तेरा जातींचे चार गट

पहिल्या गटात सायबेरियन क्रौंच एकटाच आहे: ल्युकोजेरानस. दुसऱ्यात सँडहिल, व्हाइट-नेप्ड, सारस आणि ब्रोल्गा: अँटिगोनी. तिसऱ्यात वॉटल्ड, ब्लू आणि कांड्या करकोचा. चौथ्यात युरोप-आशियातला साधा क्रौंच, हुडेड, काळ्या मानेचा, व्हूपिंग आणि जपानी (रेड-क्राउन्ड): मूळ ग्रुस. गटांच्या आत सारस आणि ब्रोल्गा सख्खे, ब्लू आणि कांड्या करकोचा सख्खे. साधा, हुडेड आणि काळ्या मानेचा हे तिघे एकमेकांच्या अगदी जवळ.

या मांडणीपर्यंत पोचायला वेळ लागला. क्रौंच-अभ्यासक जॉर्ज आर्चिबाल्ड यांनी १९७६ मध्ये नर-मादीच्या जोडगाण्यावरून जातींचे गट पाडले. ते बहुतांशी टिकले, पण सायबेरियन क्रौंच त्यांनी वॉटल्डच्या शेजारी ठेवला होता आणि तो डीएनएच्या पुराव्यात तिथून निघाला. सायटोक्रोम-बी या एका जनुकाला गटांची आपसातली क्रमवारी दिसत नव्हती. हे गट एकामागोमाग लवकर फुटले, त्यामुळे मधल्या फांद्या फार आखूड आहेत. २०१० मध्ये कॅरी क्रायेव्स्की आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण मायटोकॉन्ड्रियल जीनोम (पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए) वापरले, तेव्हा सायबेरियन क्रौंच उरलेल्या १२ जातींच्या बाजूला, वेगळ्या फांदीवर गेला.

नावांचा प्रश्न इथेच सुटतो. प्रजातीत एका पूर्वजाचे सगळे वंशज आले पाहिजेत. सारस आणि सँडहिल यांना ग्रुसमध्ये ठेवून वॉटल्ड, ब्लू आणि कांड्या करकोच्याला बाहेर ठेवणारी जुनी पद्धत हा नियम मोडते. सुसंगत पर्याय दोन प्रकारचे: तेराच्या तेरा जाती ग्रुसमध्ये घाला, किंवा ल्युकोजेरानस आणि अँटिगोनी वेगळे करा. दुसऱ्या पर्यायात तिसरा गट ग्रुसमध्ये घेतला काय किंवा अँथ्रोपॉइडिस आणि ब्युजेरानस म्हणून स्वतंत्र ठेवला काय, दोन्ही चालतं. एका लेखात मात्र एकच पद्धत वापरा आणि ती कोणती हे सुरुवातीला सांगा.

प्रजाती बदलली की आणखी दोन गोष्टी बदलतात. नाव देणाऱ्याने मुळात दुसऱ्या प्रजातीत टाकलेली जात असेल तर त्याचं नाव आणि साल कंसात जातं: अँटिगोनी अँटिगोनी (लिनियस, १७५८). आणि विशेषणवाचक जातिनामाचं लिंग प्रजातीप्रमाणे बदलतं. ब्युजेरानस पुल्लिंगी, म्हणून 'कॅरन्क्युलेटस'. तोच पक्षी स्त्रीलिंगी ग्रुसमध्ये आला की 'कॅरन्क्युलेटा'. डेटाबेसमध्ये शोधताना दोन्ही रूपं टाका, नाहीतर अर्धे नमुने हाती लागत नाहीत.

रंगावर विसंबू नका

सायबेरियन, व्हूपिंग आणि जपानी हे तिघे पांढरेशुभ्र असतात, पण सायबेरियन बाकी दोघांपासून पार दूर आहे. पंखही नीट पाहावे लागतात. सायबेरियन आणि व्हूपिंगमध्ये टोकाची उड्डाणपिसं काळी असतात. जपानी क्रौंचात ती पांढरी, आणि अंगाजवळची पिसं काळी. मिटलेल्या पंखांची हीच काळी पिसं शेपटीसारखी दिसतात. सँडहिल आणि साधा क्रौंच चोचीने चिखल घेऊन पिसांना फासतात आणि त्यातल्या लोहामुळे तांबूस होतात. त्यामुळे संग्रहालयातल्या कातडीवर पिसांचा रंग मोजून उपजात ठरवणं धोक्याचं. पहिल्या वर्षाची तांबूस पिल्लं तर मोजमापातून वगळाच.

नमुना आणि डीएनए

नर-मादी दिसायला सारखे असतात, म्हणून लिंग डीएनएवरूनच ठरवा. मादीत झेड आणि डब्ल्यू ही दोन वेगळी गुणसूत्रं असतात. सीएचडी जनुकाच्या चाचणीत मादीच्या दोन पट्ट्या येतात, नराची एक.

पक्ष्याला हात न लावता गळालेली ताजी मोठी पिसं मिळतात. डीएनए फक्त दांड्याच्या टोकात शोधू नका. दांड्यावर जिथे पाती सुरू होतात तिथल्या बारीक छिद्राजवळ रक्ताची गुठळी सुकलेली असते, तिच्यातून अनेकदा जास्त चांगला डीएनए निघतो. पिसं कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. रक्त घेतलंच तर हेपॅरिनची नळी नको, हेपॅरिन पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) अडवतं. रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन, ईडीटीए, चालतं. नमुना देशाबाहेर न्यायचा असेल तर साइट्सचा (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परवाना आधी काढा. सगळं क्रौंचकुळ त्या करारात आहे, काही जाती तर कडक अशा परिशिष्ट एकमध्ये.

रक्ताच्या नमुन्यात एक अडचण हमखास येते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, म्हणून रक्तात केंद्रकाचा डीएनए भरपूर आणि मायटोकॉन्ड्रियाचा कमी. केंद्रकात मायटोकॉन्ड्रियल जनुकांच्या जुन्या, निकामी प्रती अडकलेल्या असतात आणि पीसीआर कधी त्याच उचलतं. म्हणून प्रत्येक डीएनए-क्रम प्रथिनाच्या भाषेत भाषांतरित करून पाहा. सायटोक्रोम-बी ११४३ अक्षरांचं, म्हणजे ३८१ त्रिकांचं असतं. मध्येच थांबा-संकेत आला किंवा आलेखात एका जागी दोन शिखरं दिसली तर तो क्रम बाद करा. भाषांतराला पृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाची संकेतसारणी निवडा. तिच्यात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. साधी सारणी लावली तर चांगले क्रमही खराब दिसतात. संपूर्ण जीनोम वापरत असाल तर एनडी-६ हे जनुक डीएनएच्या उलट्या धाग्यावर आहे हे लक्षात ठेवा. अनेक पक्ष्यांच्या एनडी-३ मध्ये एक जादा अक्षर असतं जे भाषांतरात धरलं जात नाही, तेही तपासा. तिथे चौकट सरकलेली दिसली म्हणून क्रम फेकून देऊ नका.

जनुकं एकत्र जोडण्यापूर्वी प्रत्येकाचा वृक्ष वेगळा काढा. एखादा नमुना एका जनुकात सारसाजवळ आणि दुसऱ्यात सँडहिलजवळ गेला, तर बहुधा नळ्यांची अदलाबदल झालेली असते. बूटस्ट्रॅप (फांद्यांची गाठ किती भरवशाची हे सांगणारा टक्का) ७० च्या खाली असलेल्या गाठीवर निष्कर्ष बांधू नका, ती गाठ मोकळीच दाखवा.

उपजाती

खरी कसोटी इथे लागते, कारण मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो आणि अर्धीच गोष्ट सांगतो.

सँडहिलच्या सहा उपजाती परंपरेने मानल्या जातात: कॅनडेन्सिस, टॅबिडा, रोवानी, प्रॅटेन्सिस, पुला आणि क्यूबातली नेसिओटीस. मायटोकॉन्ड्रियल डीएनए पाहिला तर खोल दरी एकच दिसते. एका बाजूला आर्क्टिकमधली छोटी कॅनडेन्सिस, दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडच्या मोठ्या उपजाती. मधल्या आकाराच्या रोवानीत दोन्ही वंशांचे हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारे डीएनएचे प्रकार) सापडतात. म्हणजे ती वेगळी शाखा नाही, दोन वंशांच्या भेटीचा पट्टा आहे. म्हणून पुला रद्द करायची का? नाही. मिसिसिपीतली ही स्थायिक, छोटी संख्या १९७३ पासून अमेरिकी कायद्याने संरक्षित आहे. ती टॅबिडापासून फार जुनी फुटलेली नसली, तरी तिची वीण आणि अधिवास वेगळे आहेत. वंशाची खोली हा एक निकष, विलग प्रजनन हा दुसरा. अहवालात दोन्ही वेगवेगळे लिहा.

सारसात भारतीय उपजात ओळखायला उघड्या लाल त्वचेखालचा पांढरा गळपट्टा पाहा. पूर्वेकडची शार्पाय जास्त गडद असते आणि तिला तो पट्टा नसतो. फिलिपिन्समधली लुझोनिका नामशेष झाली. ऑस्ट्रेलियातली गिली १९८८ मध्ये वेगळी मांडली गेली. मायटोकॉन्ड्रियल क्रमात या सगळ्यांत फरक नगण्य, तर मायक्रोसॅटेलाइटमध्ये (केंद्रकातल्या डीएनएमधले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) ऑस्ट्रेलियातले सारस वेगळे पडतात. फक्त सायटोक्रोम-बी वापरलं असतं तर हा फरक निसटला असता. उपजातीसाठी केंद्रकातले अनेक खुणा-बिंदू घ्या, आणि प्रत्येक ठिकाणाहून एकमेकांशी नातं नसलेले पक्षी निवडा. एकाच घरट्यातली भावंडं घेतली तर कुटुंबाचा फरक उपजातीचा वाटतो.

कमी विविधता आणि वेगळेपण यांची गल्लतही टाळा. १९४१ मध्ये व्हूपिंग क्रेन २२ च्या आसपास उरले होते आणि आजचे सगळे त्यातल्याच मूठभर पक्ष्यांचे वंशज. अशा अरुंद गळ्यातून गेलेल्या गटात हॅप्लोटाइपची वारंवारता योगायोगाने झपाट्याने बदलते, म्हणून आकडे मोठा फरक दाखवतात. तो फरक प्राचीन आहे असं त्यावरून म्हणता येत नाही.

संकर ओळखा

उत्तर ऑस्ट्रेलियात सारस आणि ब्रोल्गा एकत्र राहतात आणि त्यांचा संकर होतो. ब्रोल्गाची लाली डोक्यापुरती, हनुवटीखाली गडद पिशवी आणि पाय राखाडी. सारसाची लाली मानेवर उतरते आणि पाय गुलाबी-तांबडे. मधली लक्षणं दिसली तर शंका घ्या, पण पुढच्या पिढ्यांतले संकर दिसण्यात एका बाजूला झुकलेले असतात. तेव्हा केंद्रकातल्या खुणांवरून प्रत्येक पक्ष्यात कोणाचा किती वाटा आहे ते काढा. मायटोकॉन्ड्रियल क्रम फक्त आईची जात सांगेल आणि संकर शुद्ध असल्याचा भास होईल. प्राणिसंग्रहालयातल्या पक्ष्यांचे क्रम डेटाबेसमधून घेताना हीच काळजी घ्या: मूळ ठिकाण आणि संग्रहालयात जपलेल्या कातडीचा क्रमांक नोंदलेला नसेल, तर तो क्रम उपजातींच्या तुलनेत घेऊ नका. जातीच्या पातळीवरच्या वृक्षात तो चालेल, पण तिथेही त्याच जातीचे किमान दोन स्वतंत्र क्रम त्याच्याशी जुळताहेत ना ते आधी पाहा.