नाताळात घर बघा, बयाणा मात्र खिशातच ठेवा

"नाताळात गोव्यात राहून बघतो, जमलं तर घरच घेतो," असे पुण्या-मुंबईहून दरवर्षी फोन येतात. बारा वर्षांपूर्वी मीही तसाच आलो होतो.

पहिलं म्हणजे कळंगुट-बाग्याला उतरू नका. त्या आठवड्यात तिथे गोवा नसतोच, नुसता ट्रॅफिक. ज्या गावात घर हवंय तिथेच खोली घ्या. मी रायबंदरच्या फेरीबोटीने दिवाडीला गेलो. दारोदार कागदी चांदण्या, पोरं गोठ्याच्या देखाव्यासाठी नाचणीचे अंकुर रुजवत बसलेली. चोवीसच्या रात्री चर्चमध्ये मिस्साची, म्हणजे प्रार्थनेची, घंटा वाजली, मग सगळं चिडीचूप. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. पंचवीसला शेजारच्या आजीने विणलेल्या रुमालाखाली ताट पाठवलं: नेवऱ्या, दोदोल, बेबिंकेचा तुकडा. ताट रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवू नका. अनोळखी माणूस 'तूं' म्हणाला तर पेठी नाक मुरडू नका, कोकणीत ते असंच.

आता माझा मूर्खपणा. सत्तावीसला मी तीन लाखांचा बयाणा देऊन मोकळा झालो. शिंपल्यांच्या खिडक्या, पुढे बाल्कांव म्हणजे बसायची ओसरी, मागे फणस, भुललोच. मालक सज्जन, एक शब्द खोटा बोलला नाही. फक्त त्याचे दोन भाऊ लिस्बनला, बहीण लंडनला आणि वडिलांच्या मागे इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली मालमत्तेची कायदेशीर वाटणी, झालेलीच नव्हती. इथला कौटुंबिक कायदा 1867 च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. म्हणजे भावांच्याच नव्हे, भावजयांच्याही सह्या हव्यात. त्यातली एक नवऱ्यापासून वेगळी राहत होती. तिने सही दिली नाही ती नाहीच. चार वर्षांनी दीड लाख परत मिळाले.

म्हणून आधी विचारा: इन्व्हेंटरी झाली का? सगळ्यांच्या सह्या आहेत का, जावा-जावयांसकट? मग घर बघा. हे दलालाला नव्हे, आपल्या पैशाने नेमलेल्या वकिलाला विचारा. दलाल मराठी बोलतो म्हणून विरघळू नका. माझ्या दलालाचं मराठी माझ्याहून शुद्ध होतं.

एक-चौदाचा उतारा, म्हणजे इथला सातबारा, वकील काढेलच. परसातल्या खोपीत म्हातारी दिसली तर तिला मोलकरीण समजू नका. ती मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणारी, असेल, तर 1975 च्या कायद्याने तिला तिथून सहजासहजी हलवता येत नाही. आणि समोरचं भातशेत स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळू नका. 2023 च्या कायद्यापासून ते बिगरशेतकऱ्याला सहसा घेता येत नाही.

घर आवडलंच तर जुलैत पुन्हा या. नाताळासाठी नुकताच रंग दिलेल्या त्याच भिंतीवर तळहात टेकवा. मी आता राहतो त्या घराला तसा हात लावला होता. ओला झाला, पण मालकाने किंमत उतरवली.