स्तनाच्या ऊतीत ॲरोमाटेजचा कोणता प्रमोटर चालू आहे, हे कसे तपासावे

ॲण्ड्रोजेनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे ॲरोमाटेज हे एन्झाइम १५व्या गुणसूत्रावरील सीवायपी१९ए१ या जनुकापासून तयार होते. या जनुकाला निरनिराळ्या ऊतींसाठी निरनिराळे प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारे डीएनएचे भाग, आहेत. प्रत्येक प्रमोटरचा आपला वेगळा पहिला एक्झॉन (जनुकाच्या आरएनए प्रतीत टिकून राहणारा तुकडा) असतो, पण तो प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधीच दुसऱ्या एक्झॉनला जोडला जात असल्यामुळे तयार होणारे प्रथिन सर्वत्र एकच असते. म्हणून एकूण एमआरएनए (ही आरएनए प्रत) मोजल्याने जनुक किती जोरात चालले आहे एवढेच कळते. ते कोणत्या संकेतामुळे चालले आहे हे जाणायचे असेल, तर पहिला एक्झॉन ओळखावा लागतो.

निरोगी स्तनातील चरबीत मुख्यतः प्रमोटर १.४ काम करतो. त्याला ग्लुकोकॉर्टिकॉइड (एक प्रकारचे स्टेरॉइड संप्रेरक) आणि इंटरल्युकिन-६सारख्या सायटोकाइनची (पेशींमधील संकेत-प्रथिनाची) जोड लागते. कर्करोगाच्या गाठीभोवती चित्र पालटते: तेथे प्रोस्टाग्लँडिन ई२ वाढते, त्यामुळे पेशीतील सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो आणि प्रमोटर १.३ व प्रमोटर २ जागे होतात. १.४ त्यामुळे बंदच पडतो असे नाही. यासाठी नमुना गाठीतला, गाठीलगतचा की दूरचा, याची नोंद ऊती घेतानाच करावी. ती नसेल तर पुढील आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही.

पहिला एक्झॉन आरटी-पीसीआरने, म्हणजे आरएनएपासून डीएनए प्रत बनवून तिचा ठरावीक तुकडा वाढवून, ओळखता येतो. आरएनए वेगळा केल्यावर त्यावर डीएनेजची (डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमची) प्रक्रिया अवश्य करावी. येथे हा केवळ शिरस्ता नाही. प्रमोटर २पासून निघणाऱ्या एमआरएनएचा सुरुवातीचा भाग जीनोममध्ये दुसऱ्या एक्झॉनला सलग लागून आहे, मध्ये इंट्रॉन (एमआरएनए बनताना कापून टाकला जाणारा भाग) नाही; त्यामुळे पुढचा प्रायमर (वाढवायच्या तुकड्याचे टोक ठरवणारा छोटा डीएनए धागा) त्या भागात आणि मागचा दुसऱ्या एक्झॉनमध्ये ठेवल्यास नमुन्यात राहून गेलेल्या डीएनएपासूनही अगदी तेवढ्याच लांबीचा तुकडा मिळतो आणि प्रमोटर २ चालू असल्याचा आभास होतो. मागचा प्रायमर तिसऱ्या एक्झॉनमध्ये ठेवणे हा माझ्या मते सर्वांत सोपा बचाव आहे. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारे एन्झाइम) न घातलेली नळी तरीही सोबत चालवावीच. १.४ आणि १.३ यांच्यासाठी पुढचा प्रायमर त्यांच्या-त्यांच्या पहिल्या एक्झॉनमध्ये घ्यावा, आणि एकूण एमआरएनएसाठी सामाईक एक्झॉनमधील वेगळी जोडी ठेवावी. १.३ आणि २ यांच्यात जेमतेम २१५ बेस-जोड्यांचे अंतर असून दोघेही सायक्लिक एएमपीला प्रतिसाद देतात, म्हणून त्यांचे निष्कर्ष एकत्र वाचावेत.

संकेत पडताळण्यासाठी कोलाजिनेजने ऊती विघटित करून, वर तरंगणाऱ्या चरबीपेशी बाजूला काढाव्यात आणि तळाशी बसणाऱ्या फायब्रोब्लास्टसदृश पेशी वाढवाव्यात. स्तनातील चरबीत ॲरोमाटेज मुख्यतः याच पेशींत तयार होते. एका गटाला डेक्सामेथासोन (ग्लुकोकॉर्टिकॉइड) व ऑन्कोस्टॅटिन एम (सायटोकाइन) आणि दुसऱ्याला सायक्लिक एएमपी वाढवणारे फोर्सकोलिन द्यावे. पहिल्यात १.४ आणि दुसऱ्यात २ व १.३ वाढायला हवेत. संवर्धन माध्यमात हायड्रोकॉर्टिसोन (हेही ग्लुकोकॉर्टिकॉइडच) आधीच मिसळलेले नाही ना, हे डबीवरील घटकसूचीत पाहून घ्यावे, नाहीतर तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींतही १.४ला चालना मिळालेली असते.

एमआरएनए वाढला म्हणजे एन्झाइमचे काम वाढलेच, असे धरू नये. त्यासाठी ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन असलेला) ॲण्ड्रोस्टेनडायोन हा ॲण्ड्रोजेन देऊन, त्याचे रूपांतर होताना माध्यमात सुटणारे ट्रिटियमयुक्त पाणी मोजावे, आणि लेट्रोझोल (ॲरोमाटेज रोखणारे औषध) घातलेल्या पेशींतील मोजणी त्यातून वजा करावी.