घर विकताय? टपालाच्या बाबतीत या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात एक खण फक्त गेलेल्यांच्या टपालाचा आहे. गेलेले म्हणजे फ्लॅट विकून गेलेले. डोंबिवलीत गेली १८ वर्षं कधी सेक्रेटरी, कधी खजिनदार म्हणून मी हा खण सांभाळतेय, आणि दर वेळी त्याच चुका बघून जीव तुटतो. सौदा, स्टॅम्प ड्युटी, टेम्पो, दूधवाल्याचा हिशेब, सगळं माणसं चोख करतात. टपालाचं मात्र जिना उतरता उतरता आठवतं.

‘आमचं काही आलं तर ठेवा हं’

याच्याइतकी महागात पडणारी चूक दुसरी नाही. वॉचमन बदलतो, शेजारी गावाला जातात, आणि ज्याने घर घेतलंय त्याला स्वतःचेच व्याप असतात.

दुसऱ्या मजल्यावरचे एक काका २०१० साली फ्लॅट विकून मुलाकडे नाशिकला गेले. नोकरीत असताना घेतलेले थोडे शेअर्स त्यांच्याकडे कागदी सर्टिफिकेटच्या रूपात होते. लाभांशाचं वॉरंट, म्हणजे बँकेत भरायचा चेकसारखा कागद, दर वर्षी इथेच यायचं. नव्या मालकांनी पहिली दोन वर्षं फोन केले. काका म्हणायचे, “असू द्या, आलो की नेतो.” पुढे त्या मालकांनीही फ्लॅट भाड्याने दिला. मग काही पाकिटं माझ्या खणात आली, काही रद्दीत गेली.

आता कायदा असा आहे, की सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर तो लाभांश आणि त्यासोबत ते शेअर्ससुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये, जमा होतात. त्याआधी कंपनी भागधारकाला पत्र पाठवते. कोणत्या पत्त्यावर? तिच्या नोंदीत असेल त्याच. म्हणजे सावध करणारं पत्रही आमच्याच जिन्याखालच्या पेटीत येऊन पडलं.

काका वारल्यानंतर त्यांचा मुलगा फाईल घेऊन आला. मी गठ्ठा काढला, तर रबरबँड वितळून वरच्या पाकिटाला चिकटलेलं. आत पाच वॉरंटं, सगळ्यांची मुदत उलटलेली, आणि तळाशी ते न फोडलेलं पत्र. तो बराच वेळ नुसता त्या पाकिटावरचं वडिलांचं नाव बघत राहिला. शेअर्स बुडत नाहीत, अर्ज करून परत मागता येतात. पण आधी वारसाची कागदपत्रं, मग आयईपीएफ-५ हा फॉर्म, मग कंपनीची पडताळणी. एका पत्त्याच्या बदलापायी त्या मुलाने किती खेपा घातल्या, ते मी पाहिलंय.

म्हणून माझी सवय सांगते. घर विकायचं ठरलं, की त्या दिवसापासून येणारं प्रत्येक पाकीट वहीत टिपायचं: कुणाकडून, कुठल्या महिन्यात. शिवाय मागच्या वर्षभराची पाकिटं काढून बसायचं, कारण वर्षातून एकदाच येणारं टपालच नेमकं विसरलं जातं. पाठवणाऱ्याकडेच पत्ता बदलायचा. मोबाइलवर ‘दहा मिनिटांत पत्ता बदला’चे व्हिडिओ बघून कामाला लागणारे तीन ठिकाणी बदलतात आणि अकरा ठिकाणी विसरतात.

आधार बदललं म्हणजे सगळीकडे बदललं

नाही. आधार हा फक्त पुरावा. तो घेऊन बँक, डीमॅट, एलआयसी, म्युच्युअल फंड, गॅस या प्रत्येकाकडे वेगळं जावं लागतं. आधार पहिलं बदलायचं ते एवढ्यासाठीच, की पुढे सगळे तेच मागतात. मतदारयादीसाठी फॉर्म ८ भरा. गाडी असेल तर आरसीवरचा पत्ता बदलल्याचं ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं.

पोस्टात रीडायरेक्शनचा, म्हणजे टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा, अर्ज दिला की काम संपलं असं समजणं

अर्ज जरूर द्या. पण तो जुन्या घराला टपाल वाटणाऱ्या पोस्टात द्यायचा, नव्या घराजवळच्या नाही. निम्मे लोक इथेच चुकतात. घरातल्या सगळ्यांची नावं त्यात लिहा, सासूबाईंचं आणि कॉलेजातल्या मुलाचंसुद्धा. मुदत किती, ते काउंटरवरच विचारून घ्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. कुरिअरवाल्याला या अर्जाचा पत्ताही नसतो, त्यामुळे कुरिअरने येणारं पाकीट जुन्याच दारात जाणार. आणि पोस्टमनला तोंडी सांगून ठेवणं चांगलंच, पण त्याची बीट, म्हणजे वाटपाचा भाग, बदलली की ते सांगणं संपलं.

घर हलवायच्या तोंडावर पासपोर्टचा अर्ज

पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि ज्याचा त्यालाच देतात. तुम्ही तिथे नाही, तर तो परत जातो. आधी स्थिर व्हा, मग अर्ज करा. चेकबुकही या महिनाभरात मागवू नका. डेबिट कार्डावरची मुदत बघा, संपत आली असेल तर नवं कार्ड न मागताच जुन्या पत्त्यावर निघतं.

नवा पत्ता, जुना पिन

डोंबिवली पूर्व ४२१२०१, पश्चिम ४२१२०२. रूळ ओलांडून पलीकडे गेलात तरी पिन बदलतो. शेवटचे तीन आकडे वाटप करणारं पोस्ट ठरवतात, त्यामुळे एका आकड्याने पाकीट भलत्याच पोस्टात जाऊन बसतं.

नोटीस मिळालीच नाही, मग मला काय!

हा गैरसमज फार आहे. चेक न वटल्याची नोटीस बरोबर पत्त्यावर पाठवली असेल, तर ती मिळाल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच हे स्पष्ट केलंय. पैसे भरायला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस असतात. पत्ता बदलल्याचं तुम्ही कधी कळवलंच नसेल, तर ‘मी तिथे राहत नव्हतो’ हे सिद्ध करत बसण्याची पाळी तुमच्यावर येते.

घराची चावी देताना टपालपेटीची चावीही देतात आणि पेटी आत भरलेलीच असते. खरेदीदारासमोर उघडून रिकामी करा.

आधीच चूक झाली असेल, तर असं करा. ट्रॅकिंग नंबर असला तर आधी तो बघा. दाराला कुलूप दिसलं तर स्पीड पोस्ट साधारण सात दिवस पोस्टात थांबतं. तेवढ्यात ओळखपत्र घेऊन स्वतः जा. परत गेलं असेल, तर पाठवणाऱ्याला नवा पत्ता लेखी द्या आणि पोच घ्या. मग जुन्या सोसायटीत फोन करा. माझ्या खणात आज चार कुटुंबांची पाकिटं आहेत, त्यातलं एक एलआयसीचं आहे. ऑफिस संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं, रविवारी सकाळी दहा ते बारा.