आंतरराष्ट्रीय व्यवस्थेवर उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘संयुक्त राष्ट्रे अपयशी ठरली’ या वाक्याने उत्तर सुरू करू नका. कोण अपयशी ठरलं? सुरक्षा परिषद, आमसभा, की न्यायालय?

सर्वांत जास्त घोळ व्हेटोचा, म्हणजे नकाराधिकाराचा. परिषदेत १५ पैकी ९ मतं लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाचंही विरोधी मत चालत नाही. तटस्थ राहणं म्हणजे व्हेटो नव्हे. कामकाजाच्या ठरावाला तर व्हेटो लागूच होत नाही. २५ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनवरच्या रशियन हल्ल्याविरोधातल्या ठरावाला ११ मतं मिळाली, रशिया एकटा विरोधात. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ. ठराव पडला. तयार नोट्सवर विसंबणाऱ्यांचं उत्तर इथेच संपतं. पण २७ तारखेला मतं तशीच ११-१-३ पडली आणि ठराव मंजूर झाला, कारण तो आमसभेचं तातडीचं विशेष अधिवेशन बोलावण्याचा, म्हणजे कामकाजाचा होता. २ मार्चला आमसभेत रशियाच्या निषेधाच्या बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत याही वेळी तटस्थ. आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो, रशियन सैन्य मागे हटलं नाही. व्यवस्थेचं बळ आणि दुबळेपणा याच आठवड्यात शेजारी शेजारी दिसतात. म्हणून कच्च्या कागदावर आधी संस्था, तारीख आणि मतांचे तीन आकडे मांडा; मत नंतर.

दुसरी चूक दोन न्यायालयांची. दोन्ही हेगमध्येच, पण आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश विरुद्ध देश खटला चालतो, तर फौजदारी न्यायालयात व्यक्तींवर. भारत फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. पाकिस्तानने फाशी सुनावलेले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांचं प्रकरण पहिल्यातलं. कॉन्सुलर संबंधांच्या व्हिएन्ना कराराचा पर्यायी प्रोटोकॉल (करारावरचे वाद या न्यायालयात नेण्याची तरतूद) भारत आणि पाकिस्तान दोघांनाही मान्य होता, म्हणूनच ते तिथे उभं राहिलं. १७ जुलै २०१९ला पाकिस्तानकडून त्या कराराच्या कलम ३६चा, म्हणजे अटकेतल्या परदेशी नागरिकाला त्याच्या वकिलातीशी संपर्क देण्याच्या नियमाचा, भंग झाल्याचं १५ विरुद्ध १ मताने ठरला. ‘शिक्षा रद्द झाली’ असं मात्र लिहू नका. आदेश फेरविचाराचा होता आणि तोवर फाशीला स्थगिती. निकाल पाळला नाही तर दाद सुरक्षा परिषदेत मागायची, आणि तिथे पुन्हा व्हेटो. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्धच्या निकालासाठी १९८६मध्ये दाद मागितली तेव्हा अमेरिकेने तो वापरला.

‘व्हेटो रद्द करावा’ ही एका ओळीची शिफारस तर नकोच: संयुक्त राष्ट्रांची सनद (मूळ करार) बदलायला तिच्याच कलम १०८नुसार दोन तृतीयांश देशांसोबत पाचही कायम सदस्यांची मंजुरी लागते.

शेवटची चूक: ‘जागतिक व्यापार संघटना बंद पडली’ असं लिहू नका, ती बंद पडलेली नाही. अमेरिकेने नियुक्त्या अडवल्याने डिसेंबर २०१९पासून तिचं अपिलीय मंडळ, म्हणजे व्यापारी वादांच्या निकालांवर अपील ऐकणारं मंडळ, ठप्प आहे.