नवा लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) टेस्ट करताय? या चुका टाळा

"जुना कर्नल आहे की ग्रबमध्ये, काय व्हायचंय" असं म्हणून रीबूट मारला (ग्रब म्हणजे सुरू होताना कर्नल निवडायचा मेनू). नवा लटकला, ठीके, जुना निवडला तर तोही काळ्या स्क्रीनवर इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइल सिस्टीमच्या) प्रॉम्प्टला येऊन बसला, म्हणे डिस्कच सापडत नाही. लाइव्ह पेनड्राइव्ह नेमका भावाकडे.

चूक माझीच होती. कर्नल बिल्ड करतानाच्या कॉन्फिगमध्ये लोकलव्हर्जन नावाचं फील्ड (कर्नलच्या नावामागची शेपटी) असतं ते मी रिकामं ठेवलं, म्हणजे दोन्ही कर्नल एकाच नावाचे. इन्स्टॉल करताना जुन्या इमेजला (कर्नलच्या फाइलला) मागे डॉट ओल्ड लागलं आणि ती वाचली, पण मॉड्यूल्सचं (ड्रायव्हर वगैरेंचं) फोल्डर आणि इनिटआरडी (त्या इनिटरॅमएफएसची फाइल) त्या नावाचं एकेकच असतं, ते दोन्ही नव्याने लिहिले गेले. कुलूप जुनं, किल्ल्या नव्या! तेव्हा दर बिल्डला वेगळी शेपटी लावा, टेस्ट१, टेस्ट२, काहीही.

आणि ओल्ड म्हणजे चांगला असं समजू नका. त्याच नावाने दुसऱ्यांदा इन्स्टॉल केलं की पहिला बिघडलेला कर्नल ओल्ड होतो आणि मूळचा चांगला गायब. फ्रीबीएसडीतही (लिनक्ससारखीच दुसरी सिस्टीम) कर्नल डॉट ओल्डचं हेच होतं, म्हणून तिथली मंडळी चालणाऱ्याची कॉपी कर्नल डॉट गुड नावाने वेगळी ठेवतात. लिनक्सवर सोपं म्हणजे डिस्ट्रोचा (उबुंटूसारख्या तयार लिनक्सचा) कर्नल अजिबात छेडू नका, तोच बॅकअप.

उबुंटूत ग्रबचा मेनू बहुतेक वेळा लपलेला असतो, टाइमआउट शून्य. तो आधीच १० सेकंद करा, स्टाइल मेनू ठेवा, अपडेट-ग्रब चालवा आणि बॅकअपवरून एकदा खरंच बूट करून वायफाय वगैरे बघा. ग्रब-डिफॉल्ट सेव्हड ठेवून चांगल्याला डिफॉल्ट करा, नव्याला ग्रब-रीबूटने फक्त एकदाच चान्स द्या. सोबत कर्नलच्या ओळीत पॅनिक=१० टाकलं की पॅनिक झाल्यावर (म्हणजे कर्नल गंभीर चुकीमुळे थांबल्यावर) १० सेकंदांनी मशीन आपोआप जुन्यावर येतं, लांबच्या सर्व्हरवर तर हे पाहिजेच. नुसतं हँग झालं तर मात्र बटण दाबायला कोणीतरी लागणारच.

बूट पार्टिशन वेगळं असेल तर ते भरलंय का बघा, जागा संपली की इनिटआरडी अर्धवट बनतो. मग घाईघाईत जुने कर्नल उडवायला जाल तेव्हा आधी युनेम -आर (चालू कर्नलचं नाव दाखवणारी कमांड) मारा, नायतर चालू असलेलाच उडवाल. ऑटोरिमूव्हची (नको ती पॅकेजेस काढणाऱ्या कमांडची) यादीसुद्धा वाचल्याशिवाय वाय दाबू नका.