पेन्शनवर आलेल्या फौजीला नोकरी सुचवताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गात करिअर समुपदेशन करायला येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी एकच गोष्ट आधी सांगते. माजी सैनिक समोर बसला की नोकऱ्यांची यादी काढू नका, झोपेचं विचारा. "माका काय एक झालेला नाय, झोप तेवढी येणा नाय," असं उत्तर येतं. फौजेतला ताण मनावर राहिलाय का, ते त्यातून कळतं, आणि काम काय सुचवायचं, ते निम्मं तिथेच ठरतं.

शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शनवर येतो तेव्हा बहुतेकदा चाळिशीच्या आतच असतो. मुलं शाळेत, घराचे हप्ते चालू. गावात पहिली विचारणा होते ती सिक्युरिटीची: कंपनीचं गेट, एटीएम, नाहीतर बँकेतली बंदूकवाली ड्युटी. ज्याला रात्री दचकून जाग येते त्याला रात्रपाळी देणं म्हणजे मनाच्या आजाराला खतपाणी घालणं. झोपेच्या गोळ्यांची वेळही मोडते. बंदूक असलेली नोकरी तर त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय सुचवायचीच नाही, पगार कितीही बरा असो.

मग निवांत म्हणून आंब्याची बाग? थांबा. माकडं हाकलायला आमच्याकडे बागेत फटाके वाजवतात, कुठे कुठे आवाजाची बंदूकही. काश्मीरमध्ये वर्षं काढलेल्या माणसाला सड्यावर अचानक तो बार ऐकू आला की पुढचे दोन दिवस वाया. त्यापेक्षा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून कलमं बांधायचं शिकून रोपवाटिका काढणं मला जास्त पटतं. स्टोअरकीपिंग किंवा दिवसाचं ड्रायव्हिंगही चालतं. फौजेत वस्तूंचा हिशेब चोख ठेवायची सवय लागलेली असते, तिला बाहेर चांगली किंमत आहे.

कागदपत्रांत डिस्चार्ज बुक नीट वाचा. सैन्यात तब्येतीची जी 'शेप' वर्गवारी असते, तिच्यातला 'एस' मानसिक स्थितीचा. "मी लो मेडिकलमध्ये आलो", म्हणजे तब्येतीची श्रेणी खाली आली, असं कुणी म्हणालं तर नेमकं कशामुळे, ते त्याच्या कलाने विचारा, आणि परवानगीशिवाय मालकाच्या कानावर घालू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो आणि सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात त्याचाही वाटा आहे. मात्र त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. सैन्याच्या मेडिकल बोर्डाने पेन्शनसाठी लिहिलेली टक्केवारी वेगळी, हे प्रमाणपत्र वेगळं. ते काढायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. वाडीत बभ्रा होईल ही भीती खोटी नसते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी झालीय का, ते लगेच बघा. दहावी पास असून १५ वर्षं सेवा झालेल्याला केंद्राच्या गट-क मधल्या अनेक पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचं धरतात. हे ठाऊक नसलेले पुष्कळ भेटतात.

बोलताना "हवालदारसाहेब", "सुभेदारसाहेब" म्हणा, 'पेशंट' नको. तो हो म्हणाला तर वहिनींनाही बसवा. रात्री काय होतं ते त्या सांगतात. कॅन्टीनच्या कोट्यातली दारूची बाटली किती दिवस पुरते, हेही सरळ विचारा. फौजी या प्रश्नावर रागावत नाहीत, आडून विचारलं तर रागावतात.

आपण डॉक्टर नव्हे. मरणाची भाषा निघाली की नोकरीचा विषय तिथेच बंद. माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच्यासमोरच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावायचा, आणि घरच्यांना घेऊन रत्नागिरीचं मनोरुग्णालय किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं.

काम लागल्यावर आपला फोन थांबवू नका, पावसाळ्यात तर नाहीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बागेत काम कमी, बाहेर धो धो. होडीवर किंवा बागेत लागलेला माणूस तेव्हा दिवसभर घरात बसून असतो. या दोन महिन्यांत तो काय करणार, हे मे महिन्यातच त्याच्याशी बोलून ठरवून ठेवा.